जर्मनची होडी

आमच्या घरात ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. भात शिजायचा तो टोप जर्मनचा, मासळी धुवायची ती परात जर्मनची, आणि शाळेत मी पाटीदप्तराबरोबर न्यायचे तो डबाही जर्मनचाच. त्यामुळे मी अंगणात पत्रे आणून टाकले आणि ह्यांची होडी करणार असं जाहीर केलं, तेव्हा आईने आधी पत्र्यावर टिचकी मारून बघितली आणि विचारलं, की एवढ्या जर्मनमध्ये आख्ख्या कोलशेतच्या कोळीवाड्याचा भात शिजेल, मग होडी कशाला करतेस. दोन दिवसांत गल्लीत नाव पडलं, निमीचा टोप. निमी म्हणजे मी, निर्मला. माझं वय तेव्हा कॉलेजला जाणाऱ्या मुलींचं होतं, पण मी कॉलेज सोडून आयटीआयला फिटरचा ट्रेड घेतला होता आणि वर्गात मुलगी म्हणून एकटीच होते. हट्टी होते, तोंडाळ होते, आणि हातात पाना असला की मला दुसरं काही सुचत नसे. हे सगळं अजूनही तसंच आहे, फक्त गुडघे बोलायला लागलेत.

आमचं घर खाडीच्या अगदी काठाला. मागच्या दारातून चार पावलांवर चिखल, पुढच्या दारात अंगण, आणि अंगणाचा अर्धा भाग कायमचा आईच्या मालकीचा. उन्हाळ्यात तिथे जवळा सुकत असे. पहाटे कंपनीचा भोंगा व्हायचा, त्या भोंग्यावर आई उठायची, आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत तिची पाटी भरून ती ठाण्याच्या बाजाराला निघालेली असायची. परत आली की घरभर खमंग वास सुटायचा. तव्यावर तांदळाची भाकरी, चुलीवर निवट्यांचं कालवण, भरपूर लसूण आणि वर कोकम. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारी ती डोळेफुगी मासळी. आता कोलशेतला तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्या लोकांना मी हे सांगते, तेव्हा ती खायची असते ह्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

ओट्यावर बाबा बसलेले असत, दुसऱ्यांची जाळी विणत. दुसऱ्यांची, कारण आमची होडी आता चुलत काका चालवत होते. त्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी बाबांच्या होडीच्या पंख्यात प्लॅस्टिकची गोणी अडकली. पंखा म्हणजे होडीच्या मागे पाण्यात फिरतो तो, इंजिनाला जोडलेला. आमच्या खाडीत तेव्हापासूनच माशांपेक्षा पिशव्या जास्त. बाबांनी इंजिन थांबवलं, मागून वाकून गोणी ओढायला गेले, आणि गोणी सुटता सुटता पंख्याने अडकून राहिलेल्या जोराने एक गिरकी घेतली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. जखम भरली, पण त्यानंतर बाबा पाण्यावर गेले नाहीत. कुणी बोलावलं तर म्हणत, उद्या बघू. खाडीकडे पाठ करून बसत. जो माणूस भरतीच्या वासाने झोपेतून जागा व्हायचा तो आता दिवसभर ओट्यावर, आणि घरात कुणी मोठ्याने त्याबद्दल बोलायचं नाही. मला ते बघवत नसे. मला बाबा पाण्यावर परत हवे होते, बाकी काही नको होतं. आणि त्यासाठी मला अशी होडी हवी होती जिला बाहेर पंखाच नसेल.

अशी होडी असते हे मला कळलं ते विठ्ठलवाडीला. आयटीआयच्या एका जॉबसाठी जुनी बेअरिंग शोधत मी तिथल्या एका भंगारवाल्याकडे गेलेले. दुकानात पंख्यांचे, धुलाई यंत्रांचे डोंगर, आणि त्यांच्या मधोमध शेठ एका विचित्र खुर्चीवर बसलेले. खुर्ची म्हणजे पाण्यावरची स्कूटर होती, कुठल्याशा रिसॉर्टवर आपटून फुटलेली. शेठ तिच्या सीटवर बसून धंदा करत होते आणि तिच्या हँडलला त्यांनी पिशवी अडकवली होती. मी वाकून खाली बघितलं. बुडाला एक जाळी, जाळीच्या आत बोगदा, बोगद्यात नळीच्या आतल्या आत बसवलेला पंखा, आणि मागे तोंड निमुळतं होत गेलेली तोटी. पाणी खालून प्यायचं आणि मागून फेकायचं. मी त्या सगळ्यावरून बाहेरून हात फिरवला. कुठेही कापणारं काही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, इतका आनंद झाला. बेअरिंग राहिलं बाजूला, मी शेठना म्हटलं, उठा.

शेठ उठायला तयार नव्हते. इंजिन आणि खालचा पंप घेऊन जा, पण सीट देणार नाही, असं त्यांचं म्हणणं, कारण त्या सीटवर बसल्यापासून त्यांची कंबरदुखी गेली होती. मला सीट नकोच होती. शेवटी त्यांनी स्वतः हातोडी घेऊन फायबरचं ते धूड फोडलं, सीट प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवली आणि पुन्हा तिच्यावर बसले. पंप आणि इंजिन मी टेम्पोत घातलं आणि कोलशेतपर्यंत मागे त्या सामानाजवळ बसून आले, वाटेत कुठे धक्का लागू नये म्हणून पंपाखाली माझी ओढणी घालून.

आता एकटीने होडी होत नाही. पत्रे जोडायला आर्गन वेल्डिंग लागतं, साध्या वेल्डिंगने जर्मन जुळत नाही, वितळून भोकं पडतात. ते काम येत होतं आमच्याच आयटीआयच्या अविनाशला. हा डोंबिवलीचा, शिडशिडीत, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला कायम पेन. एमआयडीसीत टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात तो शिकाऊ होता. मासळीच्या वासाने पहिल्या दिवशी त्याने रुमाल नाकाला लावला आणि आईने ते बघून त्याच्या ताटात मुद्दाम सुकटीची चटणी वाढली. घाम फुटेपर्यंत त्याने ती खाल्ली आणि आणखी मागितली. आज तो आतल्या खोलीत टीव्ही लावून घोरतोय, आणि त्याचं म्हणणं असं की होडीचा आराखडा त्याचाच होता. आराखडा माझा होता. त्याच्याकडे टाक्यांच्या उरलेल्या पत्र्यांची सोय होती आणि हात स्थिर होता, एवढं मी मान्य करते.

उन्हाळाभर आम्ही ठोकत होतो. लाकडी हातोडीखाली पत्रा वाजायचा तो आवाज पार वेशीपर्यंत जाई आणि शेजारणी ओरडत, की दुपारची झोप उडवलीत. सपाट बूड, थोड्या वर उचललेल्या बाजू, पुढे टोकदार नाळ. उपडी घातलेली होडी उन्हात इतकी तापायची की आईने एक दिवस तिच्यावर जवळा पसरला. संध्याकाळपर्यंत जवळा कडकडीत वाळला. मग रोजच पसरायला लागली. अविनाश वेल्डिंगला यायचा तेव्हा आधी अर्धा तास जवळा झाडायचा. बाबा हे सगळं ओट्यावरून बघत. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन एखादा नट, एखादी पट्टी दाखवायची. ते मान हलवत आणि जाळ्यात सुई घालत.

मग पंप बसवायचा दिवस आला, आणि त्यासाठी बुडाला भोक पाडावं लागणार होतं. साधंसुधं नाही, चांगलं हातभर लांब. मी खडूने आखून घेतलं, ड्रिल लावलं, आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"अगो, होरीच्या बुराला भोक कोन पारतं?" तिने माझा हातच धरला. होडीला ती होरी म्हणे, आमच्यात सगळेच म्हणतात. जन्मभर ज्या माणसांनी होडीच्या फटी बुजवण्यात हयात घालवली, त्यांच्या घरात मुलगी हसत हसत बुडाला खिंडार पाडत होती. मी तिला समजावलं, की ह्याच भोकातून होडी पाणी पिणार आणि मागून फेकणार. ती म्हणाली, होडीने पाणी प्यायलं की काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे. बाबा उठले आणि घराच्या मागे निघून गेले. मला वाईट वाटलं. पण ड्रिल सुरू केलं आणि वाईट वाटणं विसरले, कारण जर्मनचे ते चकचकीत कुरळे चुरे उडायला लागले की मला जगाचं भान राहत नसे.

ते दिवस आठवले की अजून हातांना चाळा लागतो. इंजिनाचा दांडा आणि पंपाचा दांडा एका रेषेत यायला हवेत, केसभर चुकले तरी सगळं थरथरतं. आम्ही दोरा ताणून बघायचो, इंजिनाखाली पत्र्याची चकती घालायचो, पुन्हा बघायचो, चकती काढायचो. पंख्याची पाती आणि त्याच्याभोवतीचं कडं ह्यांच्यात इतकीच फट हवी की कागद जाईल. मी पंखा हाताने फिरवायची आणि कान लावून बसायची, पातं कुठे घासतंय का. अविनाश म्हणायचा, अगं किती वेळ फिरवशील. मी म्हणायची, गप बस, मला ऐकू दे. एका सकाळी पंखा काही न घासता, आवाज न करता पूर्ण फिरला, आणि मी अविनाशला एवढ्या जोरात मिठी मारली की आई दारात परात घेऊन थबकली. माझं लग्न त्या मिठीनेच ठरलं, असं ती पुढे सगळ्यांना सांगे.

पाऊस सुरू झाल्यावर एका भरतीला, धक्क्याला बांधूनच, आम्ही इंजिन सुरू केलं. आवाज असा झाला की समोरच्या काल्हेरची माणसं काठावर आली. होडी मात्र जागची हलेना. मागून पाणी येण्याऐवजी नुसता फेस. मी कपाळाला हात लावला आणि पुढच्या क्षणी मला कळलं की काय होतंय. घरच्या पाण्याच्या मोटरीने हवा धरली की ती अशीच किंचाळते. पंप आणि बूड जुळतात तिथल्या फटीतून हवा आत येत होती, आणि पंप पाण्याबरोबर हवा पीत होता. होडी ओढून पुन्हा अंगणात आणली, ताडपत्रीखाली एका कुशीवर कलती केली, आणि सील कशाने करायचं ह्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. अविनाश तणतणत डोंबिवलीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर आले तर त्या फटीत कापूस ठासलेला आणि त्यावर राळ आणि तेलाचा लेप, बोटाने सारखा केलेला. लाकडी होडीच्या फटी आमच्याकडे अशाच भरतात. लेप ओला होता आणि त्यावर तीन बोटांचे ओरखडे होते. बाबा ओट्यावर नेहमीसारखे जाळं विणत होते. पण मला असा हुरूप आला की मी अंघोळीला गेले आणि आतमध्ये नाचले. आता खरं सांगायचं तर राळ जर्मनला धरत नाही. दुपारी अविनाश परत आला, त्याने बोटाने हलकंच दाबलं आणि खपलीच निघाली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ट्रकच्या ट्यूबचा रबर कापून, सीलंट लावून खालच्या बाजूने फट पक्की केली, आणि आतल्या बाजूचा बाबांचा लेप, दिसत होता तेवढा सगळा, तसाच ठेवला. ह्या वेळी इंजिन सुरू केलं तेव्हा मागून पाण्याचा असा लोट निघाला की धक्क्यावरचे दोन म्हातारे भिजले आणि दोरी बांधलेला खांब वाकला. म्हाताऱ्यांनी मला शिव्या दिल्या. इतक्या गोड शिव्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.

होडी झाली होती. पण ज्याच्यासाठी केली तो माणूस धक्क्यापर्यंतही आला नव्हता. लेप लावून दिला, तेवढंच. मी विचारलं, बाबा, एकदा बसून बघ ना. आम्ही आईबापाला तूच म्हणतो. ते म्हणाले, नारळी पुनवेला पूजेला बसावंच लागेल, तेव्हा बसेन. नवी होडी पाण्यात सोडताना घरच्या कर्त्याने नाळेपाशी बसून पूजा करायची, नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. ती त्यांना टाळता येणार नव्हती. पण अट घातली, होडी बांधलेली पाहिजे. पूजा झाली की मी उतरणार.

नारळी पौर्णिमेला भर दुपारी भरती होती. कोळीवाडा नटून धक्क्यावर आला होता. बायका हिरव्या लुगड्यांत, केसांत अबोली, हातात ताटं, बँजोवाले एका बाजूला. सकाळपासून घरात नारळीभाताचा वास कोंदला होता, गूळ, वेलची, तूप. आईने आदल्या दिवशी बसून झेंडूचा हार ओवला होता, नाळेपासून दोन्ही काठांना पुरेल एवढा लांब. बाबा इस्त्रीचा सदरा घालून होडीत उतरले, उजवा हात खिशात. नाळेपाशी बसले, हळदकुंकू वाहिलं, डाव्या हाताने नारळ फोडला. मी मागे इंजिनापाशी, हातात हँडल, त्याच्या मुठीत जोर द्यायचा खटका. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी इंजिन सुरू केलं. त्या इंजिनाला एक लाल दोरी असते, तिच्या टोकाची चिमट्यासारखी किल्ली बटणाखाली अडकवलेली असली तरच ते चालतं, ओढली की बंद. मी ती मनगटाला बांधली होती. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की धक्का लांब चाललाय.

"दोरी कोनी सोरली?" बाबा ओरडले.

धक्क्यावर आई उभी होती, हातात दोरीचं टोक, आणि बघत होती काल्हेरच्या बाजूला. अविनाश तिच्याशेजारी उभा राहून बुटांकडे बघत होता. मला हसू आवरेना. आता मागे जायचं की पुढे, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. मी जोर दिला.

होडी जी उठली ती. नाळ वर आली, बूड पाण्यावर सपसप आपटायला लागलं, मागे पांढरा पट्टा. मी आयुष्यात इतक्या वेगाने पाण्यावरून गेले नव्हते, कोलशेतमध्ये कुणीच गेलं नव्हतं. वारा तोंडात शिरत होता, मी ओरडत होते आणि काय ओरडत होते ते मलाच ऐकू येत नव्हतं. बाबांनी डाव्या हाताने काठ घट्ट धरला होता. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती, ताठ. खाडीच्या मध्याच्या पुढे आलो आणि वाऱ्याने नाळेवरचा हार सुटला. झेंडूची ती लांबलचक माळ पाण्यात पडली, होडीखाली गेली, खालून खर्र आवाज आला, इंजिन किंचाळलं आणि होडी बसली.

मी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं, लांबून बँजो ऐकू येत होता. ही होडी पाणी पिते, समोर येईल ते पिते, हे मला माहीत होतं. हार घालताना मात्र माझ्याही मनात आलं नाही, कारण हाराशिवाय होडी सोडायची हे कुणाच्याच डोक्यात येऊ शकत नव्हतं. बरं, साधा सुती दोरा असता तर पात्याने कधीच तुटला असता. पण आईने हार ओवला होता जाळ्याच्या नायलॉनने. तुटू नये म्हणून. आणि वल्हं मी आणलंच नव्हतं. इंजिनावर माझा इतका विश्वास.

ओहोटी लागली होती. आम्ही घोडबंदरच्या बाजूला सरकायला लागलो, आणि त्या बाजूला डोलजाळ्याचे, म्हणजे एका जागी बांधून ठेवायच्या मोठ्या जाळ्याचे, खुंट रोवलेले होते, चिखलात ठोकलेले माडाचे सोट, पाण्यावर टोकं काढून उभे. लाकडी होडी त्यांना आपटली तर खरचटते. आमचा पत्रा फाटला असता. सफाईसाठी पंपाच्या वरच्या बाजूला आम्ही एक उभी नळी ठेवली होती, झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला की बोटं पंख्यापर्यंत पोचत. मी झाकण काढलं, बाही वर केली.

"थांब," बाबा म्हणाले. ते मागे आले होते, वाकून, काठाला धरत. "तुजा हात नको."

"अरे बाबा, इंजिन बंद हाय."

"मी पन बंदच केलेलं."

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि माझ्या मनगटाची लाल दोरी सोडली. ती कशासाठी आहे हे विचारलं, मी सांगितलं. ही काढल्यावर सुरूच होत नाही ना, असं पुन्हा विचारलं. मग ती त्यांनी स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधली, गाठ दातांनी आवळली, आणि किल्ली मुठीत धरली. उजव्या हाताची बाही वर सारली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मला म्हणावंसं वाटलं, नको बाबा, राहू दे, वाहत जाऊ कुठे जायचं तिथे. त्यांनी तो हात नळीत घातला, मनगट, मग कोपर, आणि डोळे मिटले. आतून चिंबलेला झेंडू यायला लागला, मूठभर, आणखी मूठभर, मग नायलॉनचा दोरा. तो मात्र दांड्याला गुंडाळला होता. बाबा डोळे मिटूनच बोटांनी त्याची गाठ शोधत होते, जाळ्याची शोधतात तशी. खुंट जवळ येत होते. शेवटी दोरा सुटला, सगळाच्या सगळा बाहेर आला, आणि बाबांनी हात बाहेर काढून उलटा सुलटा करून बघितला.

"सुरू कर," ते म्हणाले आणि किल्ली बटणाखाली अडकवली. पण दोरी त्यांच्या मनगटाला बांधलेली, गाठ ओली आणि आवळलेली, त्यामुळे हँडलपाशी त्यांनाच बसावं लागलं. मी बटण दाबलं. इंजिन लागलं, होडी उसळली, आणि समोर खुंट. आणि बाबांनी जे कुठलाही होडीवाला करील तेच केलं. समोर अडथळा दिसला म्हणून जोर काढला.

ह्या होडीचा एक स्वभाव आहे, तो मी त्यांना सांगितलेलाच नव्हता. मागून फेकलेल्या पाण्यानेच ती वळते. जोर काढला की वळणं संपलं, मग हँडल कितीही फिरवा, ती सरळ जाते. बाबा हँडल फिरवत होते आणि होडी सरळ खुंटाकडे चालली होती.

"जोर दे, बाबा! सोडू नको, दे जोर!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं पाण्यावर काढलेल्या माणसाला त्याची पोर अडथळ्याकडे बघून वेग वाढवायला सांगत होती. ते बघणं क्षणभराचंच, पण त्यात मला भीती दिसली, राग दिसला, आणि मग काहीतरी ठरल्यासारखं दिसलं. त्यांनी उरलेल्या बोटांनी मूठ आवळली आणि पुरा जोर दिला. होडीने जागच्या जागी अशी गिरकी घेतली की मी आडवी झाले. खुंट माझ्या कानाजवळून गेला. त्याच्यावर चिकटलेली कालवं दिसली, इतका जवळून. मागच्या लोटाने खुंट धुऊन निघाला, आणि आम्ही मोकळ्या पाण्यात होतो.

मी उठून बसले. बाबा हसत होते. वर्षभरात त्यांचे दात मी बघितले नव्हते. ते होडीला डावीकडे घालत, उजवीकडे घालत, जोर काढून सरळ जाते का बघत, पुन्हा देत, पुन्हा वळवत. मी काही शिकवायला गेले तर ऐकून न घेता म्हणाले, कळलं, कळलं. एका झपाट्यात आम्ही धक्क्यासमोर आलो. सगळा कोळीवाडा पाण्याच्या काठावर उभा होता. आई सगळ्यांच्या पुढे, गुडघ्यापर्यंत लुगडं भिजलेलं, दोन्ही हात तोंडावर. आम्ही खुंटांकडे वाहत गेलो ते तिने बघितलं होतं. दोरी सोडणाऱ्या बाईचा जीव तेवढ्या वेळात किती वेळा गेला असेल ते तिलाच माहीत. अविनाश कमरेएवढ्या पाण्यात दोरी धरून आम्हाला झेलायला उभा होता.

"बाबा, धक्का आला," मी म्हटलं.

"दिसला मना," बाबा म्हणाले, आणि जोर दिला. होडी धक्क्यासमोरून तशीच वळली, मागचा लोट ताटांवर, बँजोवाल्यांवर, सगळ्यांवर उडाला, आणि आम्ही पुन्हा खाडीत निघालो. मागून आईचा आवाज येत होता. ती बाबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि रडत होती, आणि बाबा मला विचारत होते, की हिच्यात जाळं कुठे ठेवायचं.